आजारी जोडीदाराचा हक्क किती?

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात, कुंभार पिंपळगाव येथे माझी एक खालाजाद बहीण राहते. तिचे नाव येथे देत नाही; आम्ही सारे भाऊ तिला आपा म्हणतो. तिचे पती, आमचे दुल्हाभाई, गेली चार वर्षे यकृताच्या आजाराने त्रस्त आहेत. मधुमेह जुना होता, यकृतावर चरबी साठत गेली, आणि एके दिवशी पोट पाण्याने फुगले तेव्हा ‘सिरोसिस’ हा शब्द त्या घराने प्रथम ऐकला. जालना झाले, छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय झाले. आता औषधांनी फार काळ निभावणार नाही, यकृत प्रत्यारोपणाचा विचार करा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

गेल्या रजब महिन्यात मी भेटीस गेलो होतो. निघताना आपाने मला ओसरीत थांबवले आणि आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारले, “भाई, मी नाही म्हणाले तर अल्लाह माझ्यावर नाराज होईल का?”

प्रश्न कशाचा होता हे मला ठाऊक होते. थोरल्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण व्हायची आहेत, त्यामुळे कायद्याने तो दाता होऊ शकत नाही. दुल्हाभाईंच्या दोन्ही भावांचा रक्तगट जुळत नाही. जुळतो तो आपाचा. सासरच्या कोणी तिला हुकूम केलेला नाही, हे मी न्यायाने सांगितले पाहिजे. पण रक्ताचा अहवाल आल्यापासून त्या घरात कोणी काही बोलले की शेवटी सर्वांची नजर तिच्याकडे वळते. जेठाणी म्हणते, नवऱ्यासाठी बायका काय काय करतात. शेजारची वृद्धा म्हणते, जन्नत मिळेल तुला. धाकटे मूल नऊ वर्षांचे आहे, आणि आपाला शस्त्रक्रियेची भीती वाटते. भीती वाटते याचीच तिला लाज वाटते आहे.

मी तिला तेथल्या तेथे उत्तर दिले नाही. ज्या प्रश्नात एका माणसाचा जीव आणि दुसऱ्या माणसाचा देह गुंतला आहे, त्याला चौकटीत उभे राहून उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. आठ दिवसांनी पुन्हा गेलो आणि जे सांगितले ते येथे थोडे विस्ताराने लिहीत आहे, कारण हा प्रश्न एका घरापुरता राहिलेला नाही.

प्रथम शस्त्रक्रियेविषयी. आपल्या भाषेत काळीज म्हणजे यकृतही आणि माणसाचे अंतःकरणही. काळजाचा तुकडा म्हणताना आपल्याला मूल आठवते. येथे तो तुकडा खरोखरीचा असतो. जिवंत दात्याच्या यकृताचा उजवा भाग, बहुधा निम्म्याहून अधिक, काढून रुग्णास लावला जातो. यकृत पुन्हा वाढणारा अवयव आहे. दात्याच्या देहात उरलेला भाग काही आठवड्यांत आणि महिन्यांत बराचसा भरून येतो, आणि बहुसंख्य दाते पूर्ववत आयुष्य जगतात. परंतु ‘बहुसंख्य’ म्हणजे ‘सर्व’ नव्हे. उजवा भाग देणाऱ्या दर दोनशे ते पाचशे दात्यांमागे एकाचा मृत्यू होतो, असा जगभरचा अनुभव आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात एका पत्नीने आपल्या पतीस यकृताचा भाग दिला; शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत पती गेला आणि त्यापाठोपाठ पत्नीही गेली. राज्याच्या आरोग्य विभागाला त्या प्रकरणाची चौकशी हाती घ्यावी लागली. असे क्वचित घडते. पण आपाने ती बातमी वाचली होती, आणि तिला वेडी ठरवून गप्प करणे म्हणजे जे सत्य आहे ते तिच्यापासून लपवणे होय.

मग दुसरा मार्ग, मृत दात्याच्या यकृताचा. रुग्णालयामार्फत नाव नोंदवावे लागते. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रांकडून मिळालेल्या अवयवांचे वाटप होते. रक्ताच्या काही तपासण्यांवरून आजाराची तीव्रता अंकात मोजतात आणि त्या अंकावर क्रम अवलंबून असतो. प्रतीक्षा किती, हे कोणीही सांगू शकत नाही. आपल्या मराठवाड्याने हे जवळून पाहिले आहे. बाभळगावचे विलासराव देशमुख महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिलेले, त्या वेळी केंद्रात मंत्री होते. यकृत आणि मूत्रपिंडे निकामी झाल्याने ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांना मुंबईहून चेन्नईला नेले. वृत्तपत्रांनी तेव्हा लिहिले होते की दाता सापडलाही होता, परंतु अवयव काढण्याआधीच त्याचा मृत्यू झाला. १४ ऑगस्टला विलासराव गेले. सत्ता, पैसा, विमान, नामांकित डॉक्टर, सारे जवळ असताना जे मिळाले नाही त्याची वाट पाहण्यास कुंभार पिंपळगावच्या माणसाला सांगणे सोपे नाही. म्हणूनच घरातील जिवंत दात्याकडे सर्वांचे डोळे लागतात. त्या डोळ्यांतील आशेला मी दोष देत नाही.

आता शरीअतचा विचार. प्रत्यारोपण मुळात जाइज आहे काय, यावर उलेमांत मतभेद आहेत आणि ते वाचकांपासून दडवण्याचे कारण नाही. मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांच्यासारख्या थोर हनफी विद्वानांनी यास नकार दिला. देह ही अल्लाहची अमानत आहे, माणूस तिचा मालक नाही, मग तो तिचे दान कसे करणार, हा त्यांचा आधार. दुसऱ्या बाजूस जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ साली अटी घालून परवानगी दिली: दात्याच्या जिवास किंवा जगण्याच्या मूळ आधारास धोका नसावा, अवयवाची विक्री नसावी, आणि दान दात्याच्या मुक्त इच्छेने झालेले असावे. भारतातील इस्लामिक फिक्ह अकॅडमीनेही १९८९ मध्ये हा विषय विचारास घेतला आणि आप्ताने मोबदल्याविना जिवंतपणी अवयव देण्यास वाव ठेवला. कोणते मत स्वीकारायचे, हे प्रत्येक कुटुंबाने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून ठरवावे. माझा स्वतःचा कल दुसऱ्या मताकडे आहे, कारण एक जीव वाचवणे म्हणजे जणू साऱ्या मानवजातीस वाचवणे, ही सूरह माइदामधील शिकवण मला या प्रसंगी अधिक जवळची वाटते.

परंतु आपाच्या प्रश्नापुरते पाहिले तर या मतभेदाने काही बिघडत नाही. जे मनाई करतात ते म्हणतात, तू राजी असलीस तरी देऊ नये. जे परवानगी देतात ते म्हणतात, तू राजी असलीस तरच द्यावे. राजी नसतानाही द्यावेच लागेल, असे म्हणणारा कोणी नाही. जे कोणीही वाजिब ठरवलेले नाही ते न केल्याबद्दल अल्लाह नाराज होईल, ही भीती तिच्या मनात धर्माने घातलेली नाही. ती माणसांनी घातली आहे.

याच्याही पुढे जाता येते. मेहर ही पत्नीची मालमत्ता. सूरह निसाच्या आरंभी सांगितले आहे की तिने आपल्या मनाच्या खुशीने त्यातील काही सोडून दिले तरच पतीने ते निःसंकोच उपभोगावे. ‘मनाची खुशी’ ही अट सोन्याच्या एका मणीसाठी आहे, चांदीच्या एका नाण्यासाठी आहे. तिचे दागिने पतीच्या उपचारासाठी मोडायचे झाले तरी तिची खरी संमती लागते; भिडेपोटी, टोमण्यांपोटी काढून दिलेली बांगडी फकीहांच्या दृष्टीने संशयास्पद ठरते. मग जी बांगडी हातातली आहे तिला जर इतके संरक्षण, तर त्या हाताच्या देहातील काळजास त्याहून कमी कसे असेल? हे मी जेठाणीसमोर बोललो तेव्हा ती काहीशी रागावली. “बांगडीने जीव वाचतो का?” ती म्हणाली. तिचे बोलणे अगदीच चुकीचे नव्हते. जीव वाचवणे मोठे आहे. पण फिकहचा एक जाणता नियम आहे की एका हानीचे निवारण तशाच दुसऱ्या हानीने करू नये. दुसऱ्याच्या जिवासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. तो अधिकार त्याच्या वतीने वापरण्याची मुभा इतर कोणाला नाही.

इस्लाममध्ये ईसारला, स्वतःच्या गरजेवर दुसऱ्याची गरज ठेवण्याला, फार मोठे स्थान आहे. मदीनेच्या अन्सारांची कुरआनने यासाठीच स्तुती केली. हजरत साद बिन रबीअ (रजि.) यांनी मक्केहून आलेल्या हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आपली अर्धी संपत्ती देऊ केली. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांच्यासाठी बरकतीची दुआ केली आणि बाजाराची वाट विचारली. हा प्रसंग आपण नेहमी देणाऱ्याच्या बाजूने सांगतो. मला घेणारा अधिक आठवतो. अर्धे देऊ केले असता त्यांनी ते आपला हक्क म्हणून उचलले नाही. ईसार ही देणाऱ्याची शोभा आहे. घेणाऱ्याने ती मागून घेऊ लागावे, तर मग तिला वसुलीच म्हणावे लागेल.

मग आजारी जोडीदाराचा हक्क उरतो तरी कोणता? माझ्या मते फार मोठा उरतो, आणि आपण त्याकडे दुर्लक्ष करतो, कारण शस्त्रक्रिया डोळ्यांत भरते आणि रोजचे श्रम भरत नाहीत.

हिजरी सन २. बद्रकडे निघण्याची वेळ आली तेव्हा प्रेषितांची (स.) कन्या हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या. त्यांचे पती हजरत उस्मान (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) मदीनेत मागे थांबण्यास सांगितले. इस्लामच्या इतिहासातील पहिली मोठी लढाई, माणसे कमी, शत्रू तिप्पट; आणि एक धडधाकट पुरुष पत्नीच्या उशाशी बसण्यासाठी मागे ठेवला गेला. त्यांना बद्रमध्ये हजर असलेल्याइतकेच पुण्य आणि युद्धलाभातील तेवढाच वाटा मिळेल, असेही सांगितले गेले. रुकय्या (रजि.) वाचल्या नाहीत. विजयाची वार्ता घेऊन हजरत जैद (रजि.) मदीनेत पोहोचले तेव्हा त्यांचे दफन सुरू होते. पुढे अनेक वर्षांनी एकाने हजरत उस्मान (रजि.) यांच्यावर बद्रला गैरहजर राहिल्याचा ठपका ठेवला, तेव्हा हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी त्याला खरी हकीकत सांगितली. सहीह बुखारीत ती आहे.

हा प्रसंग मी मशिदीच्या व्याख्यानांत फार कमी ऐकला आहे. बद्रचे वर्णन ऐकताना आपण तलवारी मोजतो. मदीनेत मागे राहिलेला हा मुजाहिद कोणी मोजत नाही. आणि लक्षात घ्या, येथे शुश्रूषा करणारा पती आहे. आपल्याकडे पत्नी आजारी पडली की तिची आई किंवा बहीण येते; पती दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसतो. भारतात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक, हे चित्र डॉक्टर वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. दुल्हाभाईंच्या जागी आपा आजारी असती तर घरातील नजरा दुल्हाभाईंकडे अशाच वळल्या असत्या काय? मी जेठाणीलाही हे विचारले. तिने उत्तर दिले नाही, पण चहा पुन्हा ठेवला.

आपा चार वर्षे काय करते आहे ते पाहा. पोटात पाणी साठू नये म्हणून मीठ जवळजवळ बंद. म्हणजे एकाच चुलीवर दोन भाज्या. पूर्वी अशा रुग्णांची डाळ, अंडी बंद करीत. आता प्रथिने तोडू नका, रात्री झोपण्यापूर्वी थोडे खायला द्या, असे डॉक्टर सांगतात, म्हणून रात्री दहाला पुन्हा ताट. अंगदुखीची कोणतीही गोळी दुकानातून आणायची नाही, कारण नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या अशा रुग्णाच्या मूत्रपिंडांस बाधतात. ‘कावीळ उतरवणारी’ झाडपाल्याची पुडी घेऊन येणारे पाहुणे दारातूनच परत करायचे, आणि तेही त्यांचे मन न दुखवता. दिवसातून दोन-तीन वेळा शौचास झाले पाहिजे म्हणून गोड पातळ औषध न चुकता पाजायचे. ते चुकले की रक्तातील अमोनिया मेंदूवर परिणाम करतो आणि माणूस बदलतो. तो रात्री जागतो, दिवसा झोपतो, मुलांची नावे विसरतो. दुल्हाभाई एकदा तिला परकी स्त्री समजून ओरडले. एका रात्री त्यांच्या तोंडून तलाकचा शब्दही निघाला. सकाळी त्यांना काहीच आठवत नव्हते आणि आपा रडून रडून सुजली होती. मुफ्तीसाहेबांनी तिला धीर दिला, की ज्याची शुद्ध हरपली आहे त्याच्यावरून हिशेबाची लेखणी उचलली गेलेली असते, अशा अवस्थेतील शब्दाने निकाह तुटत नाही. ज्या घरात हा आजार आहे त्या प्रत्येक घराने हे आधीच माहीत करून घेतलेले बरे.

येथे हजरत अय्यूब (अलै.) यांची आठवण येते. त्यांच्या सब्रची उदाहरणे आपण देतो, पण कुरआनमध्ये त्या कथेच्या शेवटी एक लहानसा तपशील आहे: गवताची एक जुडी हाती घे, तिने मार आणि शपथ मोडू नकोस. मुफस्सिरीन सांगतात की आजारपणात कशावरून तरी रागावून त्यांनी पत्नीस शंभर फटके मारण्याची शपथ घेतली होती. सारे सोडून गेले तेव्हाही ती सेवेस राहिली होती. शपथही राहावी आणि तिला इजाही होऊ नये, अशी वाट अल्लाहने काढून दिली. सब्रचा आदर्श असलेल्या पैगंबरांच्या आजारपणातही अशी घडी आली आणि पत्नीला सांभाळून घेण्यासाठी आकाशातून मार्गदर्शन आले. शुश्रूषा करणारीच्या वेदनेची दखल तेथे घेतली जाते.

ती दखल आपणही घ्यावी. हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी हजरत अबू दर्दा (रजि.) यांना रात्रभर इबादत करण्यापासून थांबवून सांगितले होते की तुमच्या देहाचा आणि घरच्यांचाही तुमच्यावर हक्क आहे, प्रेषितांनी (स.) सलमान (रजि.) यांचे म्हणणे खरे ठरवले. इबादतीसाठी जे खरे, ते शुश्रूषेसाठीही खरे असले पाहिजे. आठवड्यातून दोन रात्री दुल्हाभाईंच्या भावांनी त्यांच्या खोलीत झोपावे आणि आपाने सलग झोप घ्यावी, एवढे ठरवायला त्या घराला चार वर्षे लागली. ते मागच्या महिन्यात ठरले. रमजान जवळ येत आहे, तेव्हा आणखी एक: अशा रुग्णाने रोजा धरण्याचा हट्ट केला तर घरच्यांनी त्याला डॉक्टरांसमोर न्यावे. सवलतही अल्लाहनेच दिली आहे.

आणखी एक जखम आहे, तिच्याविषयी थोडक्यातच लिहितो. सिरोसिस म्हटले की लोक एकमेकांकडे पाहतात: मियाँ चोरून पीत असणार. दुल्हाभाईंनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही. मधुमेह, स्थूलता, हिपॅटायटिस ब आणि क, यांनीही यकृत असेच जाते. (हिपॅटायटिसची तपासणी व औषधे २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळतात, ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी स्वतःची तपासणी करून घ्यावी, आणि ब प्रकारासाठी लस आहे.) सूरह हुजुरातमध्ये गुमानापासून दूर राहण्याची ताकीद याचसाठी आहे. आणि समजा कोणी खरोखरच प्यायला असेल, तर तो तौबा आणि हिशेब त्याचा आणि त्याच्या रबचा. उशाशी पाण्याचा पेला ठेवणाऱ्या पत्नीला त्याबद्दल कोणी का विचारावे?

आता निर्णयाकडे. देशाच्या कायद्याने पती-पत्नीस जवळचे नातेवाईक मानले आहे, त्यामुळे निकाहनामा आणि ओळखीच्या कागदांवर बहुतेक काम होते. पण २०१४ च्या नियमांत एक तरतूद आहे जी प्रत्येक मुस्लिम घराने जाणून घ्यावी: दाता स्त्री असेल तर अधिक दक्षता घ्यावी, तिची संमती स्वतंत्र आहे याची खात्री रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावी. ज्यांनी हे लिहिले त्यांच्या डोळ्यांसमोर मेहरची आयत नसेल. परंतु ‘मनाची खुशी’ कशी तपासावी याचा एक मार्ग त्यांनी दाखवला आहे. मी आपाला सांगितले, डॉक्टरांना एकटीने भेट. सासू नको, दीर नको, मीही नको. जी भीती वाटते ती सगळी त्यांना विचार. शस्त्रक्रियेच्या क्षणापर्यंत दाता माघार घेऊ शकतो. आणि चांगले डॉक्टर अशा वेळी कारण उघड न करता ‘ही दाता म्हणून योग्य नाही’ एवढेच कुटुंबास सांगतात, म्हणजे तिला कोणासमोर मान खाली घालावी लागत नाही.

हे सर्व मी दुल्हाभाईंसमोरही बोललो. त्या दिवशी त्यांची शुद्ध चांगली होती. मला वाटले होते, ते दुखावतील. ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मग आपाला म्हणाले, “तुला नको म्हणायचं असेल तर मला सांगू नकोस. डॉक्टरला सांग. मला कळणारसुद्धा नाही.” काही वेळाने पुढे म्हणाले, “आणि हो म्हणायचं असेल तर तेही आधी त्यांनाच सांग. माझ्या तोंडाकडे बघून सांगू नकोस.”

हक्क आणि एहसान यांतील सीमारेषा मी इतकी पाने लिहून जशी मांडू शकलो नाही तशी त्या आजारी माणसाने मांडली.

आपाने अजून हो म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. पुण्याच्या डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहे. थोरला मुलगा सोबत जाईल आणि बाहेर बसेल. मी निघालो तेव्हा ती एवढेच विचारत होती की शस्त्रक्रियेनंतर किती दिवस पाण्याची घागर उचलता येत नाही. साधारण तीन महिने जड उचलू नये म्हणतात, मी सांगितले. तिने बोटांवर काहीतरी मोजले. तेवढ्यात आतून दुल्हाभाईंनी हाक मारली, आणि ती औषधाची बाटली घेऊन आत गेली.